शाल्मली म्हणजे

“नाना, शाल्मली म्हणजे काय हो?”

रसिकानं हे विचारलं तेव्हा मी गवार मोडत बसलो होतो. खाली पसरलेलं वर्तमानपत्र, त्यावर शेंगांचा ढीग, समोर पाळणा आणि पाळण्याच्या दोरीला हात लावून बसलेल्या आमच्या विहीणबाई. बाळ झोपलं होतं. रसिका, म्हणजे माझी सून, बाळाच्या दुपट्यांच्या घड्या घालत होती, आणि प्रश्न विचारून झाल्यावरही तिनं मान वर केली नाही.

माझ्या हातातली शेंग तशीच राहिली.

“कुठं ऐकलंस हे नाव?”

“असंच कुठेतरी. कानाला बरं वाटलं. बाळाची कुंभ रास आहे ना, ग आणि स सांगितलंय गुरुजींनी. श पण चालतो म्हणाले.”

“काय ते, शाल्म...?” विहीणबाई म्हणाल्या. “जिभेला व्यायाम नुसता. त्यापेक्षा मी म्हणते ते समायरा काय वाईट आहे? आमच्या शेजारच्यांच्या नातीचं आहे.”

“आई, तू थांब गं जरा. नाना, सांगा ना. अर्थ चांगला आहे का?”

मी जन्मभर कराडच्या एका वाचनालयात ग्रंथपाल होतो. कुणाकडे मूल झालं की नावासाठी लोक माझ्याकडे यायचे. मी काही पंडित नव्हे. शब्दकोश हाताशी होते, आणि माणसांशी बोलण्यापेक्षा ते चाळणं मला सोपं जायचं, एवढंच. उच्चाराला कसं, अर्थ काय, शब्द आला कुठून, हे तिन्ही बघितल्याशिवाय मला चैन पडत नसे, आणि बघितल्यावरही मन ठाम होत नसे. अपर्णा सुंदर, पण तिनं तपात पानंसुद्धा खायची सोडली होती. ऊर्मिला गोड, पण नवरा वनवासात आणि ही मागे राजवाड्यात एकटी. शर्वरी कानाला फार चांगलं, पण म्हणजे रात्र. लोक एक नाव विचारायला येत आणि चार शंका घेऊन परत जात. माझी बायको सिंधू म्हणायची, “यांच्या नादी लागलं तर गावातली निम्मी पोरं ‘बाळ’ म्हणूनच म्हातारी होतील.”

त्या दिवशी मात्र मी शंका काढली नाही. मी सरळ निकाल दिला.

“काटेसावर,” मी म्हणालो. “झाड असतं. अंगभर काटे. खोडाला हात लावायची सोय नाही.”

“आणि?”

“आणि काय? पुराणात एक नरक आहे, त्याच्या नावातही हाच शब्द येतो. पाप्यांना त्या काट्यांवरून ओढतात म्हणे.”

“अगंबाई,” विहीणबाईंचा दोरीवरचा हात थांबला. “बाळाचं नाव शोधतोय ना आपण?”

रसिकानं आता वर बघितलं. तिच्या चेहऱ्यावरून काहीतरी निघून गेल्यासारखं वाटलं. “एवढंच, नाना? दुसरं काही नाही त्यात?”

“एवढंच.”

एवढंच हा शब्द नावांच्या बाबतीत मी तोवर कधी वापरला नव्हता. सुनेला ते कळलं असणार, कारण ती थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग तिनं दुपटी उचलली आणि आत गेली.

मी खोटं काहीच बोललो नव्हतो. पण ते नाव या घरात पूर्वी एकदा ठरलं होतं, आणि ते मला आणि माझ्या मुलीला सोडून कुणाला ठाऊक नव्हतं. निदान मी तसं समजत होतो.

अरुंधती, म्हणजे अरू, माझी थोरली. कोल्हापूरला दिलेली. चार वर्षांपूर्वी सातव्या महिन्यात ती माहेरी आली होती. डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं म्हणून संध्याकाळी आम्ही बापलेक नदीकाठी जायचो. फाल्गुन होता. काठावरच्या एका उंच झाडाला एकही पान नव्हतं, आणि फांदीन् फांदी लाल फुलांनी भरलेली. साळुंक्या, बुलबुल, कावळे यांची वर नुसती बाजारपेठ भरली होती.

“हे कुठलं हो झाड, नाना?”

“सावर. संस्कृतात शाल्मली. त्यावरूनच आपला शब्द आला, बहुधा.”

अरू थांबली. पोटावर हात ठेवून तिनं तो शब्द दोनदा म्हटला. एकदा हळू, चव घेतल्यासारखा, आणि एकदा मोठ्यानं, अंगणातून हाक मारल्यासारखा. वरचे दोन-चार पक्षी उडाले.

“मुलगी झाली तर हेच,” ती म्हणाली. “आणि तुम्ही आता ‘पण’ म्हणायचं नाही.”

मी म्हटलं नाही. बारशाच्या दिवशी आत्या बाळाच्या कानात सांगेपर्यंत नाव बाहेर फोडायचं नाही, अशी आमच्याकडे पद्धत. म्हणून ते आम्ही दोघांतच ठेवलं.

मुलगी झाली. ती एक दिवस होती.

त्यानंतर अरू कुणाच्या बारशाला गेली नाही. शेजारीपाजारी कुणी तान्हं मूल घेऊन आलं की तिला स्वयंपाकघरात काहीतरी काम निघायचं. त्या नावाबद्दल ती माझ्याशी बोलली नाही, मी तिच्याशी बोललो नाही. नदीकाठी फिरायला जाणंही मी सोडून दिलं होतं.

आणि आता रसिकाला ते नाव मोबाइलवर कुठेतरी सापडलं होतं. मी पुढचं सगळं डोळ्यांसमोर बघितलं. बारशाला नाव कानात सांगणार कोण? आत्या. म्हणजे अरू. घरभर बायका, सगळ्यांचे डोळे तिच्यावर, आणि तिनं पाळण्यात वाकून स्वतःच्या मुलीचं नाव भावाच्या मुलीच्या कानात सांगायचं. ते मला बघवलं नसतं. हे नाव नको, असं कारण देऊन म्हणावं तर अरूनं चार वर्षं मनात ठेवलेली गोष्ट मी चव्हाट्यावर मांडल्यासारखं होणार. मला आयुष्यात एकच गोष्ट थोडीफार येत होती, शब्दांचे अर्थ सांगणं. तीच मी वापरली. गवार मोडून झाली तेव्हा मला जरा हलकंसुद्धा वाटलं.

तो हलकेपणा फार टिकला नाही.

बारसं रविवारी दुपारी होतं. अरू आधी “येते गं आई, सकाळच्या गाडीनंच येते” म्हणाली होती. सिंधू त्या फोनपासून हवेत होती. अरू चार वर्षांनी बारशाला येणार, तेही आत्या म्हणून. तिनं आत्याला द्यायची साडी काढून ठेवली होती, परत आत ठेवून दुसरी काढली होती. पण शुक्रवारी अरूचा फोन आला आणि सिंधू तो ठेवून माझ्यापाशी येऊन उभी राहिली.

“बघते म्हणाली.”

“काय बघते?”

“मला काय माहीत. बँकेत काम आहे म्हणाली. रविवारी कसलं हो बँकेत काम?”

विहीणबाई आतून ऐकत होत्या. त्या मनानं वाईट नव्हत्या. फक्त त्यांच्या मनात आलेलं तोंडात यायला वेळ लागत नसे. पदर सावरत त्या बाहेर आल्या. “मी काय म्हणते, नानासाहेब. आत्याचा मान असतो हे खरं. पण त्यांचं ते तसं झालेलं. त्यांना नसेल झेपत, तर आपण तरी आग्रह कशाला करायचा? आमची थोरली सांगेल की नाव. मावशी काय परकी आहे?”

सिंधूनं साडी उचलून कपाटात ठेवली आणि कपाटाचं दार जरा जोरात लावलं. मी पुस्तक उघडून बसलो. पान उलटल्याचं आठवत नाही.

माझं मन मला सांगत होतं की अरूला कुणीतरी नाव कळवलं असेल, पण ते तर मी रद्द केलं होतं. मग आता काय आडवं आलं? बायकांच्या बोलण्यातलं काही तिच्या कानावर गेलं असेल का? मंदारशी, म्हणजे आमच्या मुलाशी, बोलावं तर तो पुण्याहून रविवारी सकाळीच येणार होता. आणि आला असता तरी मी त्याच्याशी बोललो असतो की नाही, शंकाच आहे.

शनिवारी दुपारी जेवणं झाल्यावर रसिका गॅलरीत आली. बाळ तिच्या खांद्यावर होतं, ती त्याच्या पाठीवरून हात फिरवत होती.

“नाना, एक विचारू? रागावणार नाही ना?”

“मी कधी रागावलोय का गं?”

“नाही. तोच तर त्रास आहे. तुम्ही रागावत नाही, बोलत नाही, कळायचं कसं माणसाला?” ती कठड्याला टेकली. “अरूताई येणार नाहीयेत उद्या.”

“काम आहे म्हणाली.”

“काम नाही. तुमच्यामुळे येणार नाहीत.”

मी पुस्तक मिटलं.

“ते नाव त्यांनीच सुचवलं होतं,” रसिका म्हणाली. “बाळ झालं त्याच आठवड्यात. मला फोन करून म्हणाल्या, रसिका, माझ्याकडे एक नाव आहे, तुला मनापासून आवडलं तरच घे. माझ्या बाळासाठी होतं, म्हणाल्या. मला तर ऐकल्याबरोबर आवडलं. मग म्हणाल्या, आता नानांना अर्थ विचार. पण मी सांगितलंय हे बोलू नकोस. माझं नाव काढलंस तर ते बिचारे मनात काही असलं तरी होच म्हणतील. तू नुसतं विचार, आणि काय म्हणतात ते मला कळव.”

“आणि तू कळवलंस.”

“मग काय करू? सगळं सांगितलं. काटे, नरक, पाप्यांना ओढतात ते.”

खाली रस्त्यावर कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं आणि ती सुरू होत नव्हती.

“काय म्हणाली?”

“मला वाटलं फोन कट झाला. मग म्हणाल्या, म्हणजे नानांनाही ते नाव अपशकुनीच वाटतं.” रसिकानं बाळ दुसऱ्या खांद्यावर घेतलं. “नाना, तुम्हाला खरंच तसं वाटतं का? मला आई सांगते त्या शकुन-अपशकुनाचं काही नाही. पण तुम्हाला वाटत असेल, तर मी ते नाव नाही ठेवणार.”

“नाही,” मी म्हणालो. आणखी पुष्कळ बोलायला हवं होतं. नाही एवढंच तोंडातून आलं. मग मी उठून सदरा बदलला.

सिंधू दारातच उभी होती. “आता उन्हाचं कुठं निघालात?”

“कोल्हापूरला.”

“एकटे?”

“एसटीनं.”

गाडी किती वाजता आहे, जागा मिळेल का, परतीचं काय, यातलं काही मी विचारलेलं नाही, हे तिच्या लक्षात आलं असावं. तिनं पाण्याची बाटली आणि टोपी आणून दिली. “फोनच करा ना त्यापेक्षा,” ती म्हणाली, आणि मग स्वतःच, “नको, जाऊनच या. फोनवर तुम्ही नुसतं हं हं करता.”

गाडीत मी खिडकीशी बसलो आणि काय बोलायचं ते मनात जुळवत राहिलो. एक वाक्य फार पुस्तकी वाटलं. दुसरं मी अर्ध्यातच सोडून दिलं. तिसऱ्यात मी स्वतःची बाजू मांडतोय असं वाटलं. चैत्र संपत आला होता. एके ठिकाणी रस्त्याच्या कडेच्या सावरीची बोंडं फुटली होती आणि पांढरा कापूस वाऱ्यावर निघाला होता. त्यातली एक म्हातारी खिडकीतून आत आली, पुढच्या बाकावरच्या बाईच्या अंबाड्यावर बसली. मी ते तिला सांगावं की नाही या विचारात असतानाच कोल्हापूर आलं.

दार अरूनं उघडलं. जावई शिरीष बाहेर गेले होते.

“नाना? एकटे? आई बरी आहे ना?”

“आई बरी आहे.”

“मग बाळ?”

“सगळे बरे आहेत.”

तिनं माझ्या हातातली टोपी घेतली, पंखा मोठा केला, कोकम सरबत करून आणलं. समोरच्या खुर्चीवर बसली. मी पेल्याकडे बघत होतो. सगळी जुळवलेली वाक्यं गाडीतच राहिली होती.

“काटे असतात,” मी म्हणालो.

“काय?”

“सावरीला. काटे असतात हे खरं आहे.”

“हो. कळलं मला ते.” तिचा आवाज सपाट होता. “त्यासाठी एवढ्या लांब आलात?”

“पण ते झाड लहान असतं तेव्हा. कोवळी साल गुरांनी खाऊ नये म्हणून. झाड मोठं होत गेलं की खोडावरचे काटे झडतात. जुन्या झाडाला हात लावला तर टोचत नाही. हे मी रसिकाला सांगितलं नाही.”

“का नाही सांगितलं?”

“फुलांचंही सांगितलं नाही. पानं नसतात तेव्हा बाकीची झाडं सुनी असतात आणि सगळे पक्षी तिथं येतात. हेही सांगायला हवं होतं.”

“नाना, मी विचारतेय, का नाही सांगितलंत?”

“मला वाटलं, ते नाव तुझं आहे,” मी म्हणालो. “रसिकाला कुठंतरी सापडलं असं वाटलं. उद्या तुलाच ते कानात सांगावं लागणार. सगळ्यांसमोर. म्हणून म्हटलं, ते नाव मोडूनच टाकावं.”

अरू माझ्याकडे बघत राहिली.

“म्हणजे माझ्यासाठी?”

“हो.”

“तुम्ही माझ्यासाठी नरक काढलात?”

“नरक आहे खरा पुराणात. मी मनाचं काही...”

ती हसायला लागली. आधी मला कळलंच नाही की ती हसते आहे, कारण तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. मी पेला खाली ठेवला. पुढं होऊन तिच्या डोक्यावर हात ठेवावा असं मनात आलं, पण तेवढ्यात तिनंच डोळे पुसले आणि माझा पेला परत माझ्या हातात दिला.

“प्या ते. उन्हाचे आलात.”

मी प्यालो.

“आणि मी इकडं काय काय समजून बसले,” ती म्हणाली. “मला वाटलं, चार वर्षं तुम्ही ते नाव तोंडातून काढत नाही, म्हणजे तुम्हाला त्याची भीतीच वाटते. मी नंतर इथं सांगितलं, तर सासूबाईंना वाटते. शिरीषही घेत नाही. म्हटलं, नानांना तरी नाही वाटणार. ते शब्दांना भीत नाहीत.”

“मी सगळ्यालाच भितो, अरू.”

“ते माहितीये.” तिनं खुर्ची जरा जवळ ओढली. “मी तिला सांगितलं होतं नाव. तुम्हाला कुणालाच माहीत नाही. दवाखान्यात नर्सनं थोडा वेळ हातात दिली ना, तेव्हा. म्हटलं, आत्या येईल, पाळणा येईल, कशाला थांबायचं. सांगून टाकलं कानात.”

मला हे ठाऊक नव्हतं.

“त्यानंतर ते कुणी म्हटलंच नाही, नाना. मीच कधीतरी म्हणते, नळ सोडून, कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून. इतकं चांगलं नाव. आणि ते नळाखाली म्हणायचं?” तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. “कुणीतरी ते ओरडलं पाहिजे. शाल्मली, चपला कुठं टाकल्यास. शाल्मली, दूध संपव आधी. रसिका चांगली खणखणीत ओरडते. मला ते ऐकायचंय.”

मी रिकामा पेला खाली ठेवला.

“आता तुम्ही सांगा,” ती म्हणाली. “रसिकाला नको, मला सांगा. अर्थ चांगला आहे का?”

“चांगला आहे.”

“उच्चार?”

“तू म्हणालीस तेव्हा पक्षी उडाले होते. चांगला आहे.”

“आणि शब्द आपला आहे?”

“आपलाच. त्याचीच झिजून सावर झाली.”

“बहुधा,” अरू म्हणाली.

“नाही,” मी म्हणालो. “नक्की.”

ती उठली. “मी पिशवी भरते. सहाची गाडी मिळेल आपल्याला. शिरीष उद्या येईल सकाळी. तुम्ही मुक्कामाचे कपडे आणलेत का? नाहीत ना. मग आजच निघायला हवं.” आत जाता जाता ती थांबली. “आणि वाटेत मला काही समजावत बसू नका. मी येतेय.”

आम्ही दोघं घरी पोचलो तेव्हा सिंधू दाराशीच होती. तिनं अरूच्या हातातली पिशवी घेतली आणि एवढंच विचारलं, “भूक लागली असेल?” कपाटातली साडी परत बाहेर आली ती मी दुसऱ्या दिवशी अरूच्या अंगावरच बघितली.

रविवारी दुपारी बैठकीची खोली बायकांनी भरून गेली. पाळण्याला फुलं, खाली रांगोळी, स्वयंपाकघरात घुगऱ्यांचं पातेलं. पुरुषांना अशा वेळी फारसं काम नसतं. मंदार आणि शिरीष बाहेर खुर्च्या मांडून बसले होते. मी स्वयंपाकघराच्या दारात उभा होतो, कारण तिथून पाळणा दिसत होता आणि मी कुणाला दिसत नव्हतो.

पाच बायकांनी बाळ पाळण्याच्या खालून-वरून घेतलं-दिलं. कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या. मुलगी असली तरी गोविंद-गोपाळच, असं शेजारच्या काकू दरवर्षी कुणाच्या तरी बारशाला म्हणतात, तसं त्या याही वेळी म्हणाल्या. मग बाळाला पाळण्यात निजवलं आणि सगळ्या अरूकडे बघायला लागल्या.

अरू पाळण्यापाशी गेली. तिनं दोन्ही हातांनी पाळण्याची कड धरली आणि ती तशीच उभी राहिली. विहीणबाईंची थोरली मुलगी एक पाऊल पुढं आली. खोलीतली कुजबूज थांबली. मला वाटलं, मी आणायला नको होतं हिला. गाडीत बसवलं तेव्हाच विचारायला हवं होतं पुन्हा एकदा.

मग अरू वाकली. डोकं पार पाळण्यात गेलं. आत्या वाकली की तिच्या पाठीत बुक्के घालायचे असतात. सगळ्यांनी हात मोकळे सोडले. हसणं, बांगड्या, बुक्के यांचा एकच गलका झाला.

“हळू गं, पाठ माझी आहे,” पाळण्यातून अरूचा आवाज आला.

ती लवकर वर आलीच नाही. बायकांचे हात दमले, थांबले. “नाव सांगतेय का गोष्ट?” कुणीतरी म्हणालं. तरी ती वाकलेलीच. मग ती उभी राहिली. केस विस्कटलेले, चेहरा लाल झालेला. तिनं सगळ्यांकडे नीट बघून, एकेक अक्षर सुटं करून सांगितलं, “शाल्मली.”

“अगंबाई,” विहीणबाई म्हणाल्या, “ते काट्याचंच ठेवलंत?”

मी दारातून पुढं झालो. मला सांगायचं होतं, लहान झाडाचं, झडणाऱ्या काट्यांचं, सगळं. पण सिंधूनं मला वेळच दिला नाही.

“विहीणबाई, बाळाच्या डोक्याखाली ती मऊ उशी कुणी आणलीय?”

“मी. का?”

“काय भरलंय तिच्यात?”

“सावरीचा कापू...” विहीणबाई थांबल्या. त्यांनी आधी उशीकडे बघितलं, मग माझ्याकडे. “म्हणजे ती ही सावर? अहो नानासाहेब, मग हे आधी नाही का सांगायचं? तुम्ही उगाच नरकात शिरलात.”

खोली हसली. मीही हसलो असेन. रसिका पाळण्यापाशी अरूचा हात धरून उभी होती, आणि दोघींपैकी कोण जास्त रडत होतं ते मला तिथून दिसलं नाही.

विहीणबाई पाळण्यात वाकल्या. “शालू,” त्या म्हणाल्या. “आमची शालू गं ती.”

“अहो, शालू नव्हे,” मी म्हणालो, “शाल्मली. त्यात ल आणि म जोडून आहेत, तेच तर...”

“घरात शालू म्हटलं म्हणून काय बिघडतं?” विहीणबाई म्हणाल्या.

“बिघडत काही नाही. पण नाव पूर्ण...”

“नाना,” अरू म्हणाली, “असू दे. म्हणू दे त्यांना काय ते.” मग ती पाळण्यापासून दोन पावलं मागं सरकली, आणि भरल्या घरात, सगळ्यांच्या देखत, लांब खेळणाऱ्या पोरीला बोलवावं तशी तिनं हाक मारली. “शाल्मली.”

बाळ दचकलं आणि जोरात रडायला लागलं.

“घ्या, उठवली,” विहीणबाई म्हणाल्या. “आता घ्या तुम्हीच.”

अरूनं तिला उचललं. रसिकानं हात पुढं केले, सिंधूनं केले, मावशीनंही केले. घुगऱ्या वाटून झाल्या, बायका ओट्या घेऊन घरी गेल्या, बाहेरच्या खुर्च्या आत आल्या. संध्याकाळपर्यंत अरूनं ती कुणाच्या हातात दिली नाही.